निळं पिंप

बडोद्याहून दाहोदमार्गे येणारी बस
पहाटे साडेचारला मला गंगवालला उतरवून गेली.
दादा स्कूटर घेऊन उभा, माकडटोपीत.
पहिलं वाक्य: "पोहे आत्ताच, की तोंड धुऊन?"
दुसरं, किक मारताना, माझ्याकडे न बघता:
"त्याच्याकडे जायचं तर जा. मी येणार नाही."

ओजस या घरात आता फक्त सर्वनामात असतो.
तो. त्याचं. त्याच्या त्या कारखान्यात.
'इंजिनिअर झालेला मुलगा बिअर गाळतो'
हे वाक्य दादानं कधी पूर्ण केलं नाही,
'मुलगा'पाशीच त्याला खोकला येतो.

शनिवारी संध्याकाळी विजयनगर, तिसरा मजला.
काचेपलीकडे तांब्याचे हंडे,
कुणाच्या तरी लग्नात मांडलेल्या रुखवतासारखे घासलेले.
भाचा गमबूट घालून वाफेत उभा.
मी नाक पुढे केलं: अगं बाई, हा तर सातूच्या पिठाचा वास!
"आत्या, जवच की ते."
आमच्या बडोद्यात हा वास
मुद्देमाल म्हणून जप्त होतो.

लाकडी पाटावर चार बुटके पेले.
पहिला शरबती गव्हाचा, गढूळ.
दुसऱ्यात संत्र्याची साल.
तिसरा कडू, किराईताच्या काढ्याचा सख्खा भाऊ.
चौथा मी अर्धा ठेवला, वयामुळे नव्हे,
पुढे सराफा होता.
"कशी आहे?" त्यानं चारही वेळा विचारलं,
प्रगतिपुस्तक पुढे करावं तसं.
माझ्या ओठावर फेस होता. तो हसला.

मागच्या दाराशी निळं पिंप,
त्यावर पांढऱ्या रंगात ब. सिं.
आणि खाली एक म्हैस, शिंगं वेडीवाकडी.
"हा चोथा, आत्या. गोडवा आम्ही काढून घेतो,
उरलेले जव म्हशींना. बनेसिंग नेतो, महूकडचा."

सराफ्यात सोन्याची कुलपं लागली
की त्याच ओट्यांवर कढया चढतात.
ज्या पायरीवर दुपारी मंगळसूत्राचा भाव ठरला
तिथं मी गराडू खात उभी,
बोटं भाजत, "भिया, जीरावन थोडा और."
ओजसनं एक पुडा जास्तीचा बांधून घेतला.
"बाबांना दे. कुणी दिला ते सांगू नकोस."

रविवारी सकाळी दादानं तो थंडच खाल्ला.
काही विचारलं नाही. कागदाची घडी घातली.

मग जानापाव.
दादा गुडघ्याला पट्टा बांधून पुढे, मी धापा टाकत मागे,
खाली माळव्याचे हिरवे गहू, पार धूसर होईस्तोवर.
कुंडापाशी म्हणाला, "चंबळ इथून निघते."
"एवढीशी?"
"मग काय, धरण बरोबर घेऊन निघेल?"

परतताना त्यानं मारुती एकदम कच्च्या रस्त्यावर घातली.
"चल, तुला खरं दूध दाखवतो.
सहा महिने झाले, दर रविवारी इथूनच नेतो.
असली साय बडोद्यात बघितलीस का कधी?"

गोठ्यात नऊ म्हशी.
आणि भिंतीला टेकून निळं पिंप.
ब. सिं. तीच शिंगं.

मी चहाच्या पेल्यात तोंड खुपसलं.
"बाउजी, मलाई देखो," बनेसिंग कौतुकानं सांगत होता,
"माल अच्छो आवे है इंदौर से."

दादा पिंपाजवळ गेला.
काठावरून बोट फिरवलं,
बोट नाकाशी नेलं,
आणि बराच वेळ तसाच उभा राहिला,
जणू कुणाचं तरी नाव आठवत नव्हतं.

गाडीत बसल्यावर किल्ली लावली, फिरवली नाही.
"तू काल गेली होतीस ना.
जेवतो का गं तिथं वेळेवर?"

"जेवतो."

"गराडू कच्चे होते म्हणावं ओजसला.
दोनदा तळून घ्यायचे असतात."

मिशीला साय लागली होती.
सांगणार होते, पण राहू दिली.